न मोजलेली हवा

वजनमापं तपासणाऱ्या खात्यात सत्तावीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे 'तंतोतंत' म्हणत. पाठीमागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत, कारण त्याला त्याचा राग येत नसे. उलट तो मिशीतल्या मिशीत हसे. दुकानाचा तराजू, पेट्रोलपंपाचं मीटर, औषधवाल्याचा इवलासा काटा, जे जे म्हणून मोजतं ते खरं मोजतं की नाही हे पाहणं त्याचं काम. घरीही तोच खाक्या. अंडी उकडायला ठेवली की घड्याळ लावून शेगडीसमोर उभा राही, पडद्याचं कापड आणायचं तर खिडकी तीनदा मोजी. कुणी 'अंदाजे' असं म्हणालं की याच्या कपाळाला आठी पडलीच. "अंदाजे म्हणजे किती?" हा त्याचा ठेवणीतला प्रश्न होता आणि त्या प्रश्नाने भल्याभल्यांची बोलती बंद झाली होती.

त्याची बायको अगदी दुसऱ्या टोकाची. मीठ मुठीने, झाडांना पाणी मनाने. ती टेकडीवरच्या दवाखान्यातून रक्ताचे नमुने खालच्या मोठ्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत सायकलने पोचवायची. अकरा वर्षं हेच काम. मागच्या कॅरिअरला घट्ट बांधलेली थंड पेटी, आणि तेरा किलोमीटरचा रस्ता: आधी दगडी फरशांचा उतार, मग जुन्या बाजाराची गल्ली, पूल, कालव्याकाठचा खाचखळग्यांचा लांबलचक पट्टा आणि शेवटी हॉस्पिटलचा चढ. एकदाही पेटी सांडली नाही, एकदाही बाटली फुटली नाही. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणायच्या, "या निघाल्या की मी निश्चिंत." सत्तेचाळीस वर्षांची बाई, पण सायकलवर बसली की बघत राहावं. हे तंतोतंतचं मत होतं, आणि तो मतं फार क्वचित देत असे.

मग प्रयोगशाळेत नवं मशीन आलं. त्यावर एक अशी तपासणी व्हायची की नमुना दवाखान्यातून निघाल्यापासून चाळीस मिनिटांत पोचला तरच उपयोग. एकेचाळिसाव्या मिनिटाला तो फेकून द्यायचा. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी हिला बोलावून स्पष्ट सांगितलं, "तुम्हाला त्रेचाळीस लागतात. पंधरा दिवसांनी एक चाचणी घेऊ. चाळीसच्या आत आलात तर काम तुमचंच. नाही तर व्हॅन लावीन आणि तुम्हाला तळमजल्यावर बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायला बसवीन." मोठ्या बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना नमुने वेळेत हवे होते, एवढंच.

दोन दिवस घरात भांडी जरा जास्तच आपटली. तिसऱ्या दिवशी कपडे वाळत घालताना ती म्हणाली, "अहो, त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. मला तिथे बसवलं तर मी सुकून जाईन हो."

तंतोतंतच्या हातातला चिमटा हातातच राहिला. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती आणि तिने त्याच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आताही मागितलं नव्हतंच, पण त्याने ते मागणं म्हणूनच घेतलं.

"तीन मिनिटं," तो म्हणाला. "एकशे ऐंशी सेकंद. बघू कुठे सापडतात."

उपाय मेहुण्याने सुचवला. या मेहुण्याला दरवर्षी नवा छंद लागायचा. मागच्या वर्षी सायकलींचा होता आणि त्यातली हलक्या ॲल्युमिनियमच्या रिमची दोन चाकं त्याच्या माळ्यावर धूळ खात होती. त्याने ती आणून दारात ठेवली. "दाजी, ही लावा. ताई विमानासारखी जाईल बघा."

"विमानासारखी म्हणजे किती?" दाजींनी विचारलं. मेहुणा चहा न घेताच गेला.

तंतोतंतने चाकं परीक्षेला घेतली. सायकल बैठकीत उलटी उभी केली, जुनं लोखंडी रिमचं चाक बसवलं, हाताने एक ठरावीक झटका दिला आणि थांबेपर्यंतचा वेळ मोजला. मग मेहुण्याचं चाक, तोच झटका. असं दहा-दहा वेळा. बायको खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, कारण खाली सगळीकडे नटबोल्ट पसरले होते. निकाल लागला: जुनं चाक सरासरी तीन मिनिटं दहा सेकंद फिरतं, नवं जेमतेम दोन मिनिटं. "जुनंच चांगलं," त्याने जाहीर केलं. "जास्त वेळ फिरतं. नवं लवकर दमतं." बायकोचा चेहरा पडला, पण नवऱ्याने मोजलंय म्हटल्यावर तिने ते मान्य केलं.

नवी चाकं परत करण्याआधी ती एकदा सरळ करून घ्यावी म्हणून तो चाकवाल्या मावशींकडे गेला. मावशींचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. वर चाकं टांगलेली, खाली चाकं टेकलेली, मध्ये स्टुलावर मावशी. साठीच्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि बोटं अशी की तारा पिरगळून पिरगळून टोकं चपटी झालेली. त्यांनी चाक शिकंज्यात धरून फिरवलं आणि म्हणाल्या, "आउट आहे याला." चाक फिरताना एका बाजूला डुलतं, त्याला त्या धंद्यात आउट म्हणतात आणि ते सरळ करण्याला आउट काढणं.

"किती आहे?"

"नखाएवढा."

तंतोतंतने खिशातून जबड्यात धरून मोजणारी व्हर्नियर मोजपट्टी काढली, तिचा जबडा रिमला लावला. एक मिलिमीटरला नऊ शतांश कमी. मग त्याने मावशींच्या अंगठ्याचं नख मोजायची परवानगी मागितली. मावशी हसता हसता स्टुलावरून पडायच्या बेतात आल्या.

पण पुढचं काम तो वाकून पाहू लागला. मावशींनी एकेक तार बोटाने छेडली, कान तिरका करून ऐकली, ही पाव फेरा आवळ, ती समोरची अर्धा फेरा सोड, असं करत पंधरा मिनिटांत चाक फिरतं ठेवलं. त्याने मोजपट्टी लावली. आउट मोजपट्टीला सापडेना. वेगवेगळ्या आठ ठिकाणी लावली, तरी सापडेना. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्याने असं काम केलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली होती, आणि हे त्याने मावशींना तिथल्या तिथे सांगितलं.

"ते राहू दे," मावशी म्हणाल्या. "चाकं परत का करताय ते सांगा." त्याने बैठकीतला प्रयोग सांगितला. या वेळी मावशी हसल्या नाहीत. त्यांनी एक जड चाक त्याच्या हातात दिलं. "फिरवा. आता हाताने थांबवा. जड गेलं ना? जड चाक थांबायला जड आणि सुटायलाही जड. तुमच्या बैठकीत ते जास्त वेळ फिरलं कारण ते जड आहे, चांगलं आहे म्हणून नाही. बाजारात दहा वेळा थांबून दहा वेळा निघायचं, वर तो चढ, ते कुणाच्या पायांनी? आणि साहेब, बैठकीत चाक हवेत फिरत होतं. बाई काय हवेतून जाते?"

तंतोतंतचे कान लाल झाले. मापं तपासणाऱ्या माणसाने चुकीची गोष्ट अचूक मोजली होती. पण त्याचा एक गुण होता: चूक पटली की तो ती कवटाळून बसत नसे.

"मग काय मोजायचं?" त्याने विचारलं.

"रस्त्यावर सोडा आणि बघा कुठवर जाते ते. आणि रिमचं फार कौतुक करू नका. रस्त्याला लागतं ते टायर."

पुढचे आठ दिवस कालव्याकाठच्या लोकांची फुकट करमणूक झाली. तंतोतंत खडूने रेघ मारायचा. बायको त्या रेघेपासून पायडल न मारता उतारावरून सायकल सोडायची, आणि जिथे सायकल थांबेल तिथे तो पळत जाऊन दुसरी रेघ मारायचा. वजन रोज सारखं राहावं म्हणून तो तिला निघण्याआधी वजनकाट्यावर उभं करी आणि कमी भरलं तर पेटीत पाण्याची बाटली ठेवी. "कालच्यापेक्षा दोनशे ग्रॅम जास्त," तो एकदा म्हणाला, आणि तिने असं पाहिलं की तो आकडा त्याने वहीत लिहिला पण पुन्हा उच्चारला नाही.

आकडे बोलू लागले. जुने टायर तसेच ठेवून नुसती हलकी चाकं घातली, तर सायकल जिथल्या तिथेच थांबे, फार तर वीतभर पुढे. चढावर आणि बाजारातल्या थांबण्या-निघण्यात मात्र फरक पडे. सगळा रस्ता धरला तर पंचवीसेक सेकंद. मग मेहुण्याचे अरुंद, कडक टायर घातले. गुळगुळीत डांबरावर ते छान पळाले, पण दगडी फरशांवर पेटी अशी उडायला लागली की तिला सारखा ब्रेक धरावा लागला आणि उलट उशीरच झाला. शेवटी मावशींनी आपल्याकडचे रुंद, पातळ कातडीचे, हाताला मऊ लागणारे टायर चढवले आणि हवा अगदीच बेताची भरली. तंतोतंतला वाटलं, ही काय सायकल की गादी? पण सायकल जुन्या रेघेवरून सरळ पुढे गेली, आणि तो मागून मोजत गेला: एक्केचाळीस पावलं पुढे! त्याने पुन्हा करायला लावलं. पुन्हा एक्केचाळीस. बायको लांबून ओरडली, "अहो, खड्डे कुणी बुजवले का?"

त्याला मावशींच्या पायाच पडावंसं वाटलं. टणक टायर प्रत्येक दगडावर उडतो आणि उडण्यात बळ वाया जातं, मऊ टायर दगड पोटात घेतो आणि पुढे जातो, हे मावशींनी कधी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तीस वर्षं लोकांचे गुळगुळीत झिजलेले आणि उगाच फाटलेले टायर पाहून त्यांनी ते ओळखलं होतं.

"पुढे चाळीस पौंड, मागे पंचेचाळीस," मावशींनी हवा मोजायचं गेज त्याच्या हातात देत बजावलं. "काटा बघूनच भरायची. अंगठ्याने दाबून बघायचं नाही. अंगठ्याला टणकच आवडतं."

"मला सांगताय?" तंतोतंत म्हणाला, आणि दोघंही हसले.

सरावात तिला एकदा एकोणचाळीस लागली, एकदा साडेअडतीस. घरातली भांडी पुन्हा हळू वाजू लागली.

चाचणीची वेळ सकाळी दहाची ठरली. वेळ कोणी मोजायची हा प्रश्न आला तेव्हा मोठ्या बाईंनी आपणहून सांगितलं, "घड्याळ यांच्या मिस्टरांनीच धरावं. आमचे काटे दरवर्षी तेच तपासतात. त्यांच्याइतका खडूस माणूस मला दुसरा मिळणार नाही." दवाखान्यातून ही निघाली की नर्सबाई फोन करणार, इकडे तो बटण दाबणार.

त्या सकाळी सात वाजता तो सायकल पुसत होता. सायकल पुसलेलीच होती, पण हातांना चैन नव्हतं. पुसता पुसता अंगठा टायरवर पडला आणि टायर आत गेला. तो आत जायलाच हवा होता, इतके दिवस तो तसाच आत जात होता. पण आजचा दिवस वेगळा होता. हवा उतरली असेल तर? रात्रीतून थोडी गेली असेल तर? गेज वर कपाटात, ऑफिसच्या पिशवीत. बायको आत वेणी घालत होती, निघायला पाच मिनिटं. पंप मात्र हाताशीच होता. त्याने पुढच्या चाकाला दहा झटके मारले, मागच्याला दहा. अंगठ्याने दाबलं. टायर दगडासारखा लागला आणि त्याच्या जिवात जीव आला. ज्या माणसाने आयुष्यात कधी अंदाजे काही केलं नाही, त्याने बायकोच्या नोकरीच्या दिवशी वीस झटके अंदाजे मारले. प्रेमाने मारले, हे खरं. पण टायरला ते कुठे कळणार?

दहाला फोन आला. "निघाल्या." त्याने बटण दाबलं.

प्रयोगशाळेच्या दारात तो, मोठ्या बाई आणि त्याच्या हातातलं घड्याळ. छत्तीस मिनिटं झाली तसा तो फाटकाकडे पाहू लागला. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस झाली तेव्हा फाटकात कुणीच नव्हतं. मग ती दिसली. चढावर पायडलवर उभी, चेहरा लालबुंद, दात घट्ट दाबलेले. तिने सायकल भिंतीला लावली, पेटी सोडली, खिडकीत ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं.

घड्याळाची तबकडी त्याच्या तळहातात होती. ती दुसऱ्या कुणालाही दिसत नव्हती. मोठ्या बाई पेन उघडून थांबल्या होत्या, आणि तो जे सांगेल ते त्या लिहिणार होत्या.

"चाळीस मिनिटं," तो म्हणाला. त्याने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. "चाळीस मिनिटं पंचवीस सेकंद."

बायकोने मान खाली घातली. तिने रागाने पाहिलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं. मोठ्या बाईंनी कागदावर पेन टेकवलं.

"थांबा बाई," तो म्हणाला आणि सायकलपाशी गेला. ऑफिसच्या पिशवीतून गेज काढून त्याने पुढच्या टायरला लावलं, मग मागच्या. पुढे अडुसष्ट. मागे सत्तर. तो आकडे मोठ्याने वाचून म्हणाला, "चाळीस आणि पंचेचाळीस हवी होती. सकाळी मी पंप मारला. न मोजता मारला. चूक हिची नाही, माझी आहे."

"तुम्ही?" मोठ्या बाईंच्या तोंडून निघून गेलं. "न मोजता?"

"हो."

आतल्या दोन तंत्रज्ञ बाया काम सोडून दाराशी आल्या. अशी बातमी काही रोज मिळत नाही. मोठ्या बाईंनी एकदा त्या माणसाकडे पाहिलं, एकदा दम खात असलेल्या त्या बाईकडे. स्वतःच्या बायकोची वेळ पंचवीस सेकंदांनी चुकली हे ज्याने न विचारता खरं सांगितलं, त्याचं हेही खरं असणार, असा हिशेब त्यांनी केला असावा.

"दुपारची खेप दोन वाजता आहे," त्या म्हणाल्या. "जाताना सायकल हॉस्पिटलच्या व्हॅनमध्ये टाका. येताना तोच रस्ता, तीच पेटी. पण घड्याळ आता मी धरीन. आणि तुमचे पाय चालतील का हो बाई, आणखी एका फेरीला?"

"चालतील," बायको म्हणाली.

व्हॅनमध्ये चढवण्याआधी त्याने अंगणात हवा सोडली. काटा चाळिसावर आला तेव्हा त्याने गेज तिच्यापुढे धरलं. तिने पाहिलंच नाही. ती पेटीचा पट्टा आवळत होती. "मला काय दाखवताय? तुम्ही बघितलंत ना?" तिच्या बोलण्यात टोमणा होता का, हे त्याने तिच्या चेहऱ्यावर शोधलं. नव्हता.

दुपारचं ते वाट पाहणं तो जन्मात विसरणार नव्हता. हातात घड्याळ नाही, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. त्याने ते खिशात घातले, काढले, मागे बांधले. डोळ्यांपुढे सगळा रस्ता येत होता: आता ती फरशांवर असेल, आता बाजारात, आता पुलावर. सकाळी एकदा जीव तोडून आलेली बाई आता पुन्हा तेच तेरा किलोमीटर तोडतेय, तेही आपल्या चुकीपायी. एवढे दिवस तो तिच्या वेळा लिहीत आला होता. त्या वेळांसाठी तिला किती सोसावं लागतं हे त्याला आज कळत होतं. मोठ्या बाईंना वेळ विचारायचं त्याच्या जिभेवर आलं, पण धीर झाला नाही.

ती फाटकातून आत आली ती बसूनच, पायडलवर उभी न राहता. सायकल लावली, पेटी खिडकीत ठेवली.

"अडतीस मिनिटं पन्नास सेकंद," मोठ्या बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "उद्यापासून नवी तपासणीही तुमच्याचकडे."

तंत्रज्ञ बायांनी टाळ्या वाजवल्या. तिने पदराने तोंड पुसलं आणि भिंतीला टेकून पाणी प्यायली, एक पेला, दोन पेले. तंतोतंतला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. "उत्तम," एवढंच त्याच्याकडून निघालं.

संध्याकाळी दोघं सायकल हाताने ढकलत कालव्याकाठाने घरी निघाले. तिचे पाय थकले होते, म्हणून तो सायकल धरून चालत होता. बरंच अंतर चालून झालं. मग त्याने दिवसभर मनात घोळणारा प्रश्न विचारला.

"सकाळी तुला जाणवलं असेल ना? टायर कडक आहेत म्हणून?"

"हो तर. पहिल्याच फरशीवर. पेटी अशी उडाली की माझा जीवच गेला."

"मग थांबायचं! व्हॉल्व्ह दाबून हवा सोडायची. दहा सेकंदांचं काम. तुझ्या हाताला तर बरोबर कळतं किती सोडायची ते. चाळीसच्या आत आली असतीस!"

"मनात आलं होतं," ती म्हणाली. "उतरलेसुद्धा एकदा, पुलाच्या अलीकडे. हात लावला व्हॉल्व्हला."

"मग?"

"मग म्हटलं, हवा तुम्ही भरलीय. म्हणजे मोजूनच भरली असणार. आज माझेच पाय जड झालेत." तिने खांद्यावरची वेणी मागे टाकली. "आणि पुन्हा बसले."

तो थांबला. सायकल त्याच्या हातात डुलली, आणि तिने पटकन दुसऱ्या बाजूने हँडल धरलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. सायकलच्या दोन बाजूंना दोघं थोडा वेळ तशीच उभी राहिली, आणि मग घराकडे चालू लागली.